अँप्लिफायर आणि स्पीकर यांचा मेळ

लॅमिंग्टन रोडवर हाय-फायची खरेदी करायला आलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुधा वॉटचा असतो: स्पीकर शंभर वॉटचे, तर अँप्लिफायरही शंभरचाच हवा ना? प्रश्न रास्त वाटतो. पण स्पीकरच्या पाठीवरचा आकडा म्हणजे कॉइल न जळता तो किती सोसेल याचा कारखान्याने बांधलेला अंदाज, तर अँप्लिफायरवरचा आकडा म्हणजे ठरावीक रोधात तो किती शक्ती देऊ शकतो याची नोंद. सोसण्याची मर्यादा आणि देण्याची मर्यादा सारखी ठेवून काहीच साधत नाही. मेळ ठरतो तो स्पीकरचा इंपीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा ओहममधला विरोध, कुठवर खाली उतरतो आणि एका वॉटमध्ये त्यातून किती आवाज निघतो, यावर.

ओहमला ओहम जुळलाच पाहिजे, ही समजूत व्हॉल्व्हच्या जमान्यातून आली आहे. तेव्हाच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला 4, 8, 16 ओहमचे वेगळे टॅप असत आणि स्पीकर त्या-त्या टॅपलाच जोडावा लागे. ट्रान्झिस्टर अँप्लिफायरचे काम वेगळे आहे. तो व्होल्टेज पुरवतो. किती प्रवाह ओढायचा ते स्पीकर ठरवतो. त्यामुळे 4 ओहमला चालणाऱ्या अँप्लिफायरवर 8 ओहमचा स्पीकर निर्धास्त लावावा. उलट प्रकार मात्र जोखमीचा.

ही जोखीम आकड्यांत पाहू. 8 ओहमला 50 वॉट देणारा अँप्लिफायर म्हणजे 20 व्होल्ट आणि अडीच अँपिअर. त्याच 20 व्होल्टवर 4 ओहमचा स्पीकर 5 अँपिअर ओढतो. शिवाय 4 किंवा 8 हे आकडे नाममात्र असतात. वारंवारितेनुसार इंपीडन्स सतत बदलतो: बासच्या अनुनादापाशी तो वीस-तीस ओहमपर्यंत चढतो आणि त्याच्या वर, साधारण दीडशे-दोनशे हर्ट्झच्या आसपास, दरीत उतरतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ही दरी नाममात्र आकड्याच्या 80 टक्क्यांहून खोल नसावी, म्हणजे 8 ओहमचा स्पीकर 6.4च्या खाली जाऊ नये. कितीतरी उत्पादक हे पाळत नाहीत. 1980च्या दशकातल्या ॲपोजी सिंटिला या अमेरिकन रिबन स्पीकरची एक जोडणी तर 1 ओहमची होती. भल्याभल्या अँप्लिफायरांना त्याने घाम फोडला. भरीला कलांतर असते. व्होल्टेज आणि प्रवाह एकमेकांच्या मागेपुढे पडले की ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता वाढते, आवाज मात्र तेवढाच राहतो.

घरच्या घरी एक ढोबळ तपासणी करता येते. अँप्लिफायरची वायर काढून स्पीकरच्या टर्मिनलना मल्टिमीटर लावावा. साडेपाच ते साडेसहा ओहम दिसले तर 8चा दावा पटण्याजोगा. साडेतीन दिसले तर पाटीवर काहीही लिहिलेले असो, तो 4 ओहमचाच समजावा. एव्ही रिसिव्हरच्या मागे 4 आणि 8 ओहमची निवड असते तिच्यावर विसंबू नये. बहुतेक ठिकाणी ती फक्त अँप्लिफायरची ताकद कमी करून तो तापू नये एवढेच पाहते.

आता आवाजाकडे. 86 डेसिबलची संवेदनशीलता म्हणजे 1 वॉटला, 1 मीटरवर, 86 डेसिबल. आपण बसतो तीन मीटरवर. मोकळ्या मैदानात त्यात साडेनऊ डेसिबलची घट झाली असती. खोलीच्या भिंती थोडे परत देतात, म्हणून सात धरू. दोन स्पीकरांचे तीन मिळवले की खुर्चीपाशी दर स्पीकर 1 वॉटला 82 डेसिबल उरतात. गायन सरासरी 80 डेसिबलवर ऐकत असाल आणि तबल्याची कडक थाप त्याहून 18 वर जात असेल, तर 98 गाठायला हवे. सोळा डेसिबल जास्त म्हणजे चाळीसपट शक्ती: 40 वॉट. स्पीकर 92चा असता तर 10 वॉट पुरले असते, 83चा असता तर 80 लागले असते. स्पीकर बदलून मिळणारे सहा डेसिबल अँप्लिफायरमधून मिळवायचे तर चौपट वॉट विकत घ्यावे लागतात, हे दुकानात फारसे कोणी सांगत नाही.

बीबीसीने फिरत्या प्रक्षेपण गाड्यांसाठी 1970च्या दशकात घडवलेला एलएस3/5ए हा या दोन्ही हिशेबांचा बोलका नमुना आहे. संवेदनशीलता जेमतेम 82-83 डेसिबल, म्हणजे वॉट खाणारा. पण इंपीडन्स 15 ओहम, त्यामुळे प्रवाहाच्या बाबतीत अगदी सोशिक. व्हॉल्व्हवाले आजही त्याच्यावर जीव टाकतात ते उगाच नव्हे. लग्नाच्या हॉलएवढा आवाज मात्र त्याच्याकडून मागू नये.

लहान अँप्लिफायर स्पीकरला सुरक्षित, हाही गैरसमजच. 20 वॉटचा अँप्लिफायर पिळून वाजवला की लहरींची शिखरे छाटली जातात, सरासरी शक्ती वाढते आणि ट्वीटरच्या वाट्याला त्याच्या कुवतीबाहेरचे येते. हात आवरता येत असेल तर स्पीकरच्या आकड्याहून दीडपट-दुप्पट अँप्लिफायर बरा.

डॅम्पिंग फॅक्टरच्या, म्हणजे स्पीकरचे 8 ओहम भागिले अँप्लिफायरचा अंतर्गत रोध या आकड्याच्या, जाहिराती फार मनावर घेऊ नयेत. आकडा 200 असेल तर अँप्लिफायरचा अंतर्गत रोध 0.04 ओहम, 50 असेल तर 0.16. स्पीकरच्या कॉइलचा स्वतःचाच रोध सहा ओहमच्या घरात असताना हा फरक दोन टक्क्यांचा. पाच मीटर अंतराला घरच्या वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार जाऊन-येऊन 0.07 ओहमची भर घालते, तेवढी पुरते. महागड्या केबलचे पैसे स्पीकरमध्ये घालावेत.

व्हॉल्व्हची गोष्ट निराळी, कारण तिथे अंतर्गत रोध दोन ओहमसुद्धा असू शकतो. स्पीकरचा इंपीडन्स 5 ते 25 ओहम झोके घेत असेल, तर जिथे तो चढतो तिथला आवाज दरीतल्यापेक्षा सव्वादोन डेसिबलने मोठा होतो. अनेकांना भावणारी व्हॉल्व्हची 'ऊब' काही अंशी एवढीच असते. असा अँप्लिफायर घरी असेल तर इंपीडन्सचा आलेख सपाट असलेलाच स्पीकर शोधावा, आणि आलेख कुठेच छापलेला नसेल तर घरी आणून, आपल्याच अँप्लिफायरवर ऐकल्याशिवाय पैसे मोजू नयेत.