चिकन टेंडरचं टेंडर: न्यूयॉर्कच्या शाळांनी खरेदीचे नियम कसे शिकले

आजचा विषय ऐकून तुम्ही एपिसोड पुढे ढकलाल याची मला खात्री आहे, म्हणून विषय नंतर सांगतो. आधी माझ्या आत्याची गोष्ट ऐका.

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. गाव छोटं, शाळा दोन शिक्षकी. मध्यंतरी शाळेची पाण्याची मोटर जळली. आता खरेदी किंवा दुरुस्ती म्हटलं की तीन कोटेशन हवीत. गावात मोटर वाइंडिंगचं दुकान एकच. दुकानदार म्हणाला, "बाई, काळजी करू नका, तिन्ही कोटेशन मीच देतो." त्याच्याकडे तीन वेगवेगळ्या नावांची लेटरहेडं छापून तयार होती! आत्याने ती घेतली नाहीत. स्वतःच्या पर्समधून पैसे दिले आणि मोटर चालू करून घेतली.

मी वैतागून म्हणालो, "आत्या, हे असले नियम कुठल्या माणसाने केले?"

ती म्हणाली, "अरे, कुणीतरी आधी चोरी केली असणार. उगाच कोण नियम करतं?"

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मी दिवसभर कोड लिहितो. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र अट दिसली की आम्ही ती कुणी, कधी आणि का टाकली हे इतिहासात जाऊन बघतो. बहुतेक वेळा सापडतं की अमुक तारखेला रात्री दोन वाजता काहीतरी कोसळलं होतं, तेव्हाची ती मलमपट्टी आहे. म्हटलं, शाळांच्या खरेदी नियमांचा असा इतिहास कुठे सापडेल? शोधता शोधता पोचलो न्यूयॉर्कला. अमेरिकेतली सगळ्यात मोठी सरकारी शाळा व्यवस्था तिथे आहे. आणि तिच्या मुख्यालयाची इमारत हाच या गोष्टीतला पहिला पुरावा आहे.

दोन दिवसांचं प्लॅस्टर

मॅनहॅटनमध्ये सिटी हॉलच्या मागे, चेंबर्स स्ट्रीटवर एक संगमरवरी इमारत आहे. नाव ट्वीड कोर्टहाउस. बांधकाम सुरू झालं १८६१ मध्ये, पूर्ण झालं १८८१ मध्ये. सुरुवातीचा अंदाज होता अडीच लाख डॉलरचा. शेवटी खर्च एक कोटी डॉलरच्याही पुढे गेला.

पैसे गेले कुठे? विल्यम ट्वीड नावाचा पुढारी तेव्हा शहर चालवत होता. टॅमनी हॉल ही त्याची राजकीय संघटना. ठेकेदाराने बिल फुगवायचं, वरच्यांनी मंजूर करायचं, फुगवलेला हिस्सा परत वर पोचवायचा, अशी सोपी पद्धत होती. अँड्र्यू गार्व्ही नावाच्या प्लॅस्टर ठेकेदाराला दोन दिवसांच्या कामाचे १,३३,१८७ डॉलर मिळाले. एका सुताराला एका महिन्याच्या कामाचे ३,६०,७५१ डॉलर मिळाले, आणि इमारतीत लाकूडकाम जेमतेमच होतं. अकरा थर्मामीटरचं बिल साडेसात हजार डॉलर!

आता यात शाळा कुठे आली? थांबा, येतेय.

हार्पर अँड ब्रदर्स ही मोठी प्रकाशन संस्था. तिच्या 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकात थॉमस नास्ट नावाचा व्यंगचित्रकार ट्वीडची रोज नव्हे पण दर आठवड्याला सालटी काढायचा. वाचता न येणाऱ्यालाही कळतील अशी चित्रं. हीच कंपनी शहराच्या शाळांना पाठ्यपुस्तकं पुरवायची. १८७१ मध्ये शाळांचं मंडळ ट्वीडच्या लोकांच्या हातात होतं. त्यांनी काय केलं? हार्परची सगळी टेंडरं नाकारली. असलेली पुस्तकं शाळांतून काढून टाकली आणि त्यांच्या जागी न्यूयॉर्क प्रिंटिंग कंपनीची पुस्तकं आणली. ही कंपनी कुणाची असेल? ट्वीडचीच.

इथे मी जरा अडखळलो. खरेदीतला भ्रष्टाचार म्हटलं की आपल्याला जास्त भाव आणि कमिशन एवढंच आठवतं. इथे मात्र खरेदीचा अधिकार शिक्षा म्हणून वापरला गेला. आमच्याविरुद्ध चित्रं काढता काय, मग तुमची पुस्तकं मुलांच्या हातात राहणार नाहीत. ज्या मुलाच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, त्याचा या भांडणाशी काय संबंध?

हार्पर बधले नाहीत. १८७१ च्या जुलैमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने शहराच्या हिशेबाच्या वह्यांतले आकडेच छापले. हे आकडे कुणी गुप्तहेराने आणले नव्हते. हिशेब खात्याच्या आतल्या माणसांनी ते शांतपणे उतरवून घेतले होते.

१८७३ मध्ये ट्वीड दोषी ठरला, २२० पैकी २०४ आरोपांमध्ये. आरोप होता, बिलं तपासणं हे तुझं काम होतं आणि तू ती न तपासता मंजूर केलीस. म्हणजे कायद्याने त्याला पकडलं ते ऑडिटच्या कलमात. आणि तो खटला चालला कुठे? त्याच अर्धवट बांधलेल्या कोर्टहाउसमध्ये.

नियम वाढले, शाळा थांबल्या

पुढच्या काळात नियम घट्ट होत गेले. बंद लिफाफ्यात भाव मागवा, सगळ्यांसमोर उघडा, आणि काम सगळ्यात कमी भावाच्या 'जबाबदार' बोलीदाराला द्या. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात आजही हे तत्त्व आहे, आणि ते शाळांच्या जिल्ह्यांनाही लागू होतं. 'जबाबदार' हा शब्द लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

त्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विक्स लॉ आला. या कायद्यानुसार सरकारी इमारत बांधताना प्लंबिंग, हीटिंग आणि वीज या तीन कामांची कंत्राटं वेगवेगळी द्यायची. एका बड्या ठेकेदाराच्या हातात सगळं जाऊ नये, हा हेतू. ऐकायला छान आहे. साइटवर काय व्हायचं? चार ठेकेदार, आणि एकाने दुसऱ्याचं ऐकायचं बंधन नाही. प्लंबर आला नाही म्हणून भिंत थांबली, भिंत थांबली म्हणून इलेक्ट्रिशियन थांबला, आणि उशिराबद्दल सगळे मिळून शहरावर दावा ठोकणार. ज्यांनी चार वेगवेगळ्या टीमचं काम एका रिलीजमध्ये जुळवलंय त्यांना हे दुःख कळेल.

१९८० च्या दशकापर्यंत न्यूयॉर्कमध्ये एक नवी शाळा उभी राहायला आठेक वर्षं लागणं नवलाचं राहिलं नव्हतं. म्हणजे पहिलीतलं पोर ज्या इमारतीची वाट बघतंय, ती तयार होईपर्यंत ते तिथून निघून गेलेलं असायचं. हेसुद्धा नुकसानच आहे, फक्त ते कुठल्याही बिलावर दिसत नाही.

शेवटी १९८८ मध्ये राज्याने स्कूल कन्स्ट्रक्शन ऑथॉरिटी नावाची वेगळी संस्था काढली आणि तिला विक्स लॉमधून सूट दिली. पण नुसती सूट दिली नाही. न्यूयॉर्कच्या बांधकाम धंद्यात तेव्हा माफियाचे हात खोल होते. म्हणून संस्थेतच एक इन्स्पेक्टर जनरल बसवला. टेंडर भरायच्या आधी कंपनीने लांबलचक प्रश्नावली भरायची. मालक कोण, पूर्वी काय झालं, कुणाबरोबर धंदा केला, सगळं सांगायचं. खोटं सापडलं तर यादीतून बाहेर. भाव कितीही कमी असो.

मला या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणा टप्पा वाटतो. एक नियम सैल केला आणि त्याच वेळी बघणारा माणूस नेमला.

सूट मिळाली, माणूस नाही

२००२ मध्ये शाळांचं जुनं मंडळ जाऊन कारभार महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या हातात आला. शिक्षण खात्याचं मुख्यालय हलवलं गेलं. कुठे? ट्वीड कोर्टहाउसमध्ये! शाळांची पुस्तकं हिसकावणाऱ्या माणसाच्या इमारतीतून आता शाळा चालणार होत्या.

नव्या कारभाराला वेग हवा होता. त्यामुळे टेंडरशिवाय थेट दिलेली कंत्राटं वाढली. त्यातलं एक गाजलं. अल्व्हारेझ अँड मार्सल या सल्लागार कंपनीला सुमारे १.६ कोटी डॉलरचं काम टेंडरशिवाय मिळालं. त्यात स्कूल बसच्या मार्गांची फेरआखणीही होती. २००७ च्या जानेवारीत, ऐन थंडीत आणि शालेय वर्ष अर्ध्यावर असताना, नवे मार्ग लागू झाले. शंभरहून जास्त मार्ग बंद झाले आणि मुलं रस्त्यावर कुडकुडत उभी राहिली. डिप्लॉयमेंट कधी करू नये, याचं असं उदाहरण शोधून सापडणार नाही.

पालक भडकले. २००९ मध्ये कायदा बदलला. टेंडरशिवायची आणि मोठ्या रकमेची कंत्राटं पॅनेल फॉर एज्युकेशनल पॉलिसी या मंडळासमोर, जाहीर बैठकीत मंजुरीला आणणं सक्तीचं झालं. बघा, पुन्हा एक मलमपट्टी, आणि तिच्यामागे पुन्हा एक दिवस जेव्हा काहीतरी कोसळलं.

तेवढ्यात आमच्या बिरादरीतलं एक प्रकरण बाहेर आलं. शाळांमध्ये इंटरनेट पोचवायच्या प्रकल्पावर विलर्ड लॅनहॅम नावाचा सल्लागार होता. तो दुसऱ्या कंपन्यांच्या आडून आपलीच माणसं कामाला लावायचा. त्यांना द्यायचा एक दर, शाळांना लावायचा त्याहून कितीतरी जास्त दर. मधला फरक त्याच्या खिशात. असे ३६ लाख डॉलर त्याने लांबवले. आयटीत काम करणाऱ्यांनो, बिलिंग रेट आणि पगार यांच्यातला फरक आपल्याला नवा नाही. इथे तो मुलांच्या इंटरनेटच्या पैशांतून काढला जात होता. लॅनहॅमला २०१२ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं.

आता पुढचं ऐका. लॅनहॅमच्या चौकशीच्या अहवालात कस्टम कॉम्प्युटर स्पेशालिस्ट्स या कंपनीचं नाव होतं. २०१५ मध्ये इंटरनेटच्याच कामासाठी मंडळासमोर एक भलंमोठं कंत्राट आलं. मूळ रक्कम १.१ अब्ज डॉलर. बैठकीच्या तोंडावर ती ६३.७ कोटींवर आणली गेली. कंपनी कुठली? तीच! आठवतोय ना 'जबाबदार' हा शब्द? मंडळाने मंजुरी दिली. नियम पाळला गेला, बैठक झाली, हात वर झाले. कंपनीचं नाव ओळखलं ते पालकांनी आणि शहरातल्या कार्यकर्त्यांनी. गाजावाजा झाल्यावर सिटी हॉलने कंत्राट रद्द केलं. पुन्हा टेंडर काढल्यावर दहा कोटी डॉलरहून जास्त वाचले, असं शिक्षण खात्यानेच नंतर सांगितलं.

आणि शेवटी चिकन

एरिक गोल्डस्टीन. शाळांच्या जेवणाची, बसची, सगळ्या सेवांची जबाबदारी असलेला बडा अधिकारी. सोम्मा नावाची कंपनी शाळांना चिकन पुरवायची. चिकन टेंडर म्हणजे हाड नसलेले चिकनचे तळलेले तुकडे. तर या चिकन टेंडरच्या टेंडरमागे काय होतं? कंपनीच्या मालकांनी गोल्डस्टीनबरोबर मांसाचा वेगळा धंदा सुरू केला होता आणि त्यातून त्याला पैसे मिळत होते.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये शाळेतल्या एका कर्मचाऱ्याच्या घशात 'बिनहाडाच्या' चिकनमधलं हाड अडकलं. ते चिकन थांबवलं गेलं. मग मालकांनी गोल्डस्टीनला ६६,६७० डॉलर द्यायचं कबूल केलं आणि चिकन परत सुरू झालं. त्यानंतर त्यात प्लास्टिक, हाडं, धातूचे तुकडे सापडल्याच्या तक्रारी आल्या. २०१७ मध्ये ते कायमचं बंद झालं. २०२३ मध्ये ज्युरीने गोल्डस्टीनला दोषी ठरवलं आणि पुढच्या वर्षी दोन वर्षांची कैद सुनावली गेली.

हे सगळं होताना खरेदीची नियमावली होती. जाडजूड होती. ट्वीडच्या काळापासूनचे दीडशे वर्षांचे धडे तिच्यात होते. पण नियम कागद तयार करतो. तो कागद कुणीतरी वाचावा लागतो. १८७१ मध्ये हिशेबनीसांनी वाचला, २०१५ मध्ये पालकांनी वाचला. २०१६ मध्ये चिकन परत आणणारी सही ज्याची होती, तपासायचं कामही त्याचंच होतं.

आत्याच्या गावातली तीन लेटरहेडं घ्या. त्या दुकानदाराने नियम शंभर टक्के पाळला असता. तीन कोटेशन, फाइल पूर्ण, ऑडिट खूश. आणि नियमाचा हेतू? शून्य.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेची व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि शाळेला आलेलं अनुदान कसं खर्च होतं यावर लक्ष ठेवणं हे तिचं कायद्यातलं काम आहे. ऐकणाऱ्यांपैकी कुणाचा दादा, वहिनी, काका अशा समितीत असेल तर त्यांना एवढंच विचारा: मागच्या वर्षीची बिलं तुम्ही बघितलीत का? सही केलीत का, असं विचारू नका. सही प्रत्येकाने केलेली असते.

रेकॉर्डिंगच्या आधी आत्याला फोन करून ही सगळी गोष्ट सांगितली. ट्वीड, प्लॅस्टर, चिकन, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं, ते राहू दे. तिकडे शाळेची मोटर जळली तर पाणी यायला किती दिवस लागतात?"

मी म्हणालो, शोधून सांगतो. पुढच्या वेळी भेटू. काळजी घ्या.