यंत्राची साक्ष

1872 चा भारतीय पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचला, तेव्हा पुरावा म्हटला की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येत: शपथेवर बोलणारा माणूस आणि शाईने लिहिलेला कागद. माणूस खोटे बोलेल म्हणून उलटतपासणी. कागद बनावट असेल म्हणून मूळ प्रतीचा आग्रह. पुढे मात्र असा साक्षीदार दाराशी आला की जो बोलतो, पण ज्याची उलटतपासणी घेता येत नाही.

तो प्रथम आला ध्वनिफितीच्या रूपाने. 1960 साली मुंबईत महापालिकेच्या एका कारकुनाला लाच देऊ करणाऱ्याचे बोलणे पोलिसांनी लपवलेल्या यंत्रावर टिपले. सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली ती फीत छायाचित्राप्रमाणेच ग्राह्य धरली. पण फीत पुसता येते, बदलता येते, आणि ही तर मोहोरबंदही ठेवलेली नव्हती, याकडे बोट दाखवायला न्यायमूर्ती विसरले नाहीत. यंत्राला हाकलले नाही आणि देव्हाऱ्यातही बसवले नाही, ही वृत्ती आम्हांला फार शहाणपणाची वाटते.

संगणक आला आणि 2000 साली पुरावा कायद्यात 65-ब हे कलम घातले गेले. संगणकातून काढलेली प्रत हवी असेल, तर जबाबदार माणसाचा दाखला जोडा, असे ते सांगे. त्याचा साचा इंग्लंडच्या 1968 च्या कायद्यातला; इंग्लंडने तो 1995 सालीच टाकून दिला होता! दुसऱ्याने उतरवलेला अंगरखा आपण नवा म्हणून अंगावर चढवला. मग दाखला हवाच का, यावर न्यायालयांचा लंबक हलत राहिला: 2005 साली नको, 2014 साली हवाच, 2018 साली पुन्हा सवलत.

या वादाचा निकाल लागला तो आपल्या जालन्याच्या खटल्यात. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा 296 मतांनी पराभव केला. उमेदवारी अर्जाची मुदत दुपारी 3 पर्यंत होती. विजयी उमेदवाराचा अर्ज त्यानंतर आला, अशी तक्रार झाली. निवडणूक कचेरीतल्या कॅमेऱ्यांचे चित्रण होते. पण मागणी करूनही अधिकारी दाखला देईनात. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2017 साली निवडणूक रद्द ठरवली. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतीला दाखला हवाच, तोंडी साक्षीने त्याची उणीव भरून निघत नाही. पण पक्षकाराने शक्य ते सारे करूनही तो मिळाला नाही, तर कायदा अशक्य गोष्ट मागत नाही. (तोवर ती विधानसभाच संपली होती, ही गोष्ट वेगळी.)

खरी मेख आम्हांला येथेच दिसते. यंत्र ज्याच्या हाती, दाखलाही त्याच्याच हाती. कचेरीशी भांडणाऱ्याला कचेरीच्याच सहीची याचना करावी लागते. 2020 च्या त्याच निकालाने एक वाट मोकळी ठेवली: मूळ यंत्राचा मालक ते घेऊन स्वतः साक्षीला उभा राहिला, तर दाखला नको. नवऱ्याच्या धमक्या व्हॉट्सॲपवर सोसणाऱ्या स्त्रीला याचा आधार आहे. पण तिचा मोबाइल फुटला आणि हाती नुसती छापील प्रत उरली, तर? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या 63 व्या कलमात दाखल्याचे दोन भाग आहेत: एक पक्षकाराने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने, शिवाय नोंदीचा हॅश, म्हणजे तिच्यात अक्षर बदलले तरी बदलणारा आकडा, लिहावयाचा. फेरफार पकडण्यास हे उत्तमच. परंतु तालुक्याच्या न्यायालयात उभ्या असलेल्या त्या बाईने तो तज्ज्ञ कोठून आणावा आणि त्याची फी कोणी द्यावी, हे त्या कलमात लिहिलेले नाही.