फिलिपला घर शोधून देताना

भाषाशिक्षणातील परस्परसंवादी व्हिडिओचा इतिहास सांगताना बहुधा यंत्रांचाच इतिहास सांगितला जातो. आम्हा भाषाशिक्षकांना त्यातील फिलिप नावाच्या एका पत्रकाराची गोष्ट अधिक मोलाची वाटते.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८३ साली ‘प्रोजेक्ट अथीना’ सुरू झाला. त्यातील भाषाशिक्षणाच्या प्रकल्पाचे नेतृत्व साहित्याच्या अभ्यासक जॅनेट मरे यांच्याकडे होते. तेथेच फ्रेंचच्या अध्यापिका जिल्बर्त फर्स्टेनबर्ग यांनी ‘आ ला राँकाँत्र द फिलिप’ हा पाठ रचला. १९९३ मध्ये तो येल विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. प्रेयसीने घराबाहेर काढलेल्या फिलिपला पॅरिसमध्ये नवे घर हवे आहे. विद्यार्थ्याने जाहिराती वाचायच्या, फोनवरचे ध्वनिमुद्रित निरोप ऐकायचे, घरे हिंडून पाहायची. त्याच्या निवडीनुसार कथा वळते, शेवटही बदलतो.

हे साधले लेसर डिस्कमुळे. तिच्या एका बाजूवर ५४,००० चित्रचौकटी मावत आणि संगणकाच्या आज्ञेने हव्या त्या चौकटीवर झटकन जाता येई. फीत मागे-पुढे करत बसावे लागत नसे. पण खरी नवलाई यंत्राची नव्हती. निरोप नीट न कळल्यास हाती येणारी गोष्ट गुण कापले जाणे ही नसून फिलिपचे घर हुकणे ही होती. आकलनाला परिणाम जोडला गेला, तो असा.

आपल्याकडे १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर सुरू झाले. त्याचे मोल आम्ही नाकारत नाही. परंतु तेथे विद्यार्थी केवळ प्रेक्षक होता. आज व्हिडिओ मध्येच थांबवून बहुपर्यायी प्रश्न विचारला जातो आणि त्यालाच ‘परस्परसंवादी’ म्हटले जाते. ही परीक्षाच, फक्त हलत्या चित्रांवर बसवलेली! फिलिपच्या तुलनेत हे पाऊल मागेच पडले आहे, असे आमचे मत आहे.

पायोनियर कंपनीने २००९ मध्ये लेसर डिस्कचे प्लेअर बनवणे थांबवले, आणि तो पाठ मूळ रूपात पाहणे दुर्घट झाले. कल्पना मात्र आजही वापरता येईल. मराठी शिकणाऱ्या परप्रांतीय विद्यार्थ्याला पुण्यात भाड्याची खोली शोधायला लावावी. ‘फक्त कुटुंबासाठी’ ही पाटी त्याला वाचता येईलही; पण घरमालकाचे ‘बघू, कळवतो’ हे शब्द ऐकून त्याने निर्धास्तपणे सामान बांधायला घेतले, तर पुढचे दृश्य व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही.