इव्हेंट सांभाळायचा कुणी?

आजचा प्रश्न दिसायला साधा आहे. एका खिडकीत दहा टॅब आहेत, प्रत्येकावर पाच-सात बटणं. बटण दाबलं की जे घडायचं, तो कोड लिहायचा कुठे? ज्यांच्या गळ्यात कधी पाच हजार ओळींची एकच फॉर्म फाइल पडली आहे, त्यांना हा प्रश्न किती खरा आहे हे वेगळं सांगायला नको.

सुरुवात 1985 पासून करू. विंडोज 1.0 आलं. त्यात खिडकीकडे येणारा प्रत्येक संदेश एकाच फंक्शनमध्ये यायचा, विंडो प्रोसीजरमध्ये. आणि गंमत बघा, बटण दाबलं तर ते स्वतः काही करत नसे. ते आपल्या पालक खिडकीला डब्ल्यूएम_कमांड हा संदेश पाठवी. म्हणजे सगळ्या तक्रारी थेट घरातल्या कर्त्याकडे! मग तिथे लांबलचक स्विच-केस: हा क्रमांक असेल तर हे, तो असेल तर ते.

1991 मध्ये व्हिज्युअल बेसिक आलं आणि तो स्विच नजरेआड झाला. बटणावर डबल-क्लिक केलं की त्याची रिकामी प्रोसीजर तयार. काम फार सोपं झालं, पण पत्ता बदलला नाही. सगळ्या प्रोसीजर त्या एकाच फॉर्मच्या फाइलमध्ये. टॅब वेगळे दिसायचे, पण त्यांवरची बटणं एकाच फॉर्मची असायची. पडद्यावर दहा खोल्या, कोडमध्ये मात्र एकच दालन.

विंडोज 95 मधल्या प्रॉपर्टी शीट आठवतात? तिथे उत्तर वेगळं होतं. प्रत्येक पान हा स्वतंत्र डायलॉग, त्याची स्वतंत्र प्रोसीजर. ‘अप्लाय’ दाबलं की शीट तयार झालेल्या पानांना फक्त कळवते. आपली माहिती तपासायची, जपायची, की चूक दाखवून नकार द्यायचा, ते पान ठरवतं. शीटला पानाच्या पोटातलं काही ठाऊक असावं लागत नाही.

जावाने हाच धडा स्वतः ठेच खाऊन घेतला. 1996 च्या पहिल्या आवृत्तीत कुणी न हाताळलेला इव्हेंट एकेक पायरी वर चढत जाई आणि वर बसलेला विचारी, ‘तू कुठल्या बटणाचा?’ 1997 च्या 1.1 मध्ये लिसनर आले: ज्याला रस आहे, त्याने आधी नाव नोंदवायचं.

आता उरतो एक अवघड भाग. एका टॅबवर नाव बदललं आणि ते दुसऱ्या टॅबवरही दिसायला हवं. पहिल्याने दुसऱ्याला थेट हाक मारली, की दोघांची गाठ बसली. याचं उत्तर या सगळ्यांहून जुनं आहे. नॉर्वेचे ट्रिग्व्हे रीन्सकाउग यांनी 1979 मध्ये झेरॉक्स पार्कमध्ये मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर मांडलं. माहिती एका जागी ठेवायची. ती बदलली की बघणाऱ्यांना कळवायचं. टॅबांनी एकमेकांना ओळखायची गरजच नाही.

तेव्हा घरी गेल्यावर आपल्या प्रोग्रामला एवढंच विचारा: उद्या यातला एक टॅब काढून टाकायचा ठरला, तर किती ठिकाणी हात घालावा लागेल? उत्तर ‘एक-दोन’ असेल तर निर्धास्त झोपा. नसेल, तर आपण अजून 1985 मध्येच आहोत.