नदी होती, हे कळलं तेव्हा

२६ जुलै २००५ ची संध्याकाळ मला आजही आठवते. कुर्ल्याहून छातीभर पाण्यातून मी घराकडे निघालो होतो. सोबतचे एक गृहस्थ म्हणाले, "मिठीला पूर आलाय." मी विचारलं, "कुठली मिठी?" ते म्हणाले, "अहो, तो नाला!"

श्रोतेहो, आम्ही जिला नाला म्हणत होतो, ती विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी नदी आहे. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे खरंच. पण दोष एकट्या पावसाचा नव्हता. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला आणि नदीचं मुख आवळलं गेलं. पुढे विमानतळासाठी पात्र वळवलं, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खारफुटीवर भराव घातला. कारखान्यांचं तेल, वस्त्यांचं सांडपाणी, गोदामांचं भंगार, सारं नदीच्याच पोटात गेलं.

पावसाचं पाणी कसं वाहून न्यावं, हे सांगणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ मध्येच तयार होता. पुढची बारा वर्षं तो बराचसा कागदावरच राहिला. पुरानंतर मिठीसाठी प्राधिकरण आलं, गाळ उपसायला सुरुवात झाली. २०२५ मध्ये त्या गाळउपशातल्या कथित घोटाळ्याचाच गुन्हा पोलिसांत नोंदवला गेला!

नाला म्हटलं की त्यात काहीही टाकायला हात कचरत नाही. म्हणून नातवाला मी पुलावर नेऊन मुद्दाम सांगतो, "बाळा, ही मिठी नदी."