धूर, पिंजरा आणि काचेची टाकी

घराला आग लागली की पाळीव प्राणी बहुधा ज्वाळा पोहोचण्याआधी धुरानेच मरतात. ज्वाळांपेक्षा विषारी वायू जास्त बळी घेतो, हे प्रथम नीट कळले ते कोळशाच्या खाणींत. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९६ च्या अहवालात दाखवून दिले की, खाणींतल्या स्फोटांत आणि आगींत दगावलेले बहुतेक कामगार भाजून नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने गेले होते. खाणीत सोबत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यावा, ही सूचनाही त्यांचीच. पक्ष्याच्या फुप्फुसांतून श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा फिरते. उडताना कामी येणारी हीच रचना विषही झपाट्याने भिनवते. माणसाला काही जाणवण्याआधी कॅनरी दांडीवरून कोसळे. ब्रिटनच्या खाणींत ही प्रथा १९८६ पर्यंत चालली.

भिलाई या पोलादनगरीला कार्बन मोनॉक्साइड चांगला ठाऊक आहे. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा भट्टीतून निघणाऱ्या वायूत साधारण पाव हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. इंधन म्हणून तो कारखान्यातच वापरतात. त्याला ना रंग, ना वास. १२ जून २०१४ रोजी पाण्याच्या पंपघरात बिघाड झाला, वायू गळला आणि सहा जण दगावले. आग कुठेच नव्हती. कारखान्याच्या वसाहतीतल्या एखाद्या क्वार्टरमध्ये गादी धुमसते तेव्हा तयार होतो तो हाच वायू. खोलीतल्या पिंजऱ्यातले लव्हबर्ड सर्वांत आधी पडतात. मांजर भिऊन पलंगाखाली किंवा कपाटामागे दडते आणि शोधणाऱ्याला सापडत नाही.

माशांचे गणित निराळे. घरात काचेची टाकी ठेवण्याचा शौक १८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये फोफावला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८५३ मध्ये मत्स्यगृह उघडले. उष्ण प्रदेशातल्या माशांसाठी जुन्या टाक्यांच्या बुडाखाली चक्क ज्योत पेटती ठेवत! विजेचे हीटर आल्यावर ती पद्धत गेली. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चे. सिलिकॉनने चिकटवलेल्या टाक्या त्यानंतर रूढ झाल्या.

आगीत अशा टाकीतले पाणी सावकाश तापते. शंभर लिटर पाणी दहा अंशांनी तापायला सुमारे ४,२०० किलोज्यूल उष्णता लागते, त्यामुळे माशांना थोडी सवड मिळते. घात करतो तो हवेचा पंप. तो खोलीतला धूर ओढून बुडबुड्यांवाटे पाण्यात सोडतो आणि जळत्या प्लॅस्टिकचे आम्लयुक्त वायू त्यात विरघळतात. अग्निशमन दलाने वीज तोडली की पंप थांबतो. मग कोमट पाण्यात आधीच कमी असलेला प्राणवायू आणखी घटतो. एकीकडूनच तापलेली काच तडकते ती वेगळीच. टाकी शाबूत राहिली, तरी आग विझल्यावर पोहताना दिसलेले मासे पुढच्या काही तासांतही मरू शकतात. म्हणून पंप स्वच्छ हवेत ठेवून सुरू करतात आणि पाणी थोडे थोडे बदलतात.