नांवावांचून राहिलेला वाद्यकार

चित्रपटांतील गाणें ऐकतांना श्रोत्याचें लक्ष प्रथम गायकाच्या आवाजाकडे जातें, आणि मग चालीकडे. गायकाच्या आधीं वाजणारी सुरावट, दोन कडव्यांमधील व्हायोलिनांचा मेळ आणि या सर्वांस खालून आधार देणारा खर्ज कोणीं रचला, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ही रचना करणारा कारागीर निराळाच असतो. त्यास वाद्यरचनाकार म्हणतां येईल. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत हें काम बऱ्याच अंशीं गोमंतकीय वादकांनीं केलें, आणि त्यांपैकीं अँथनी गोन्साल्विस यांचें चरित्र विशेष मननीय आहे.

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ सालीं गोंव्यांतील माजोर्डा या गांवीं झाला. पोर्तुगीज अमदानींत तेथील चर्चला जोडून शाळा असत, व त्यांत मुलांना पाश्चात्य स्वरलिपि वाचण्याचें आणि व्हायोलिन वाजविण्याचें शिक्षण मिळे. गोन्साल्विस यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. त्यामुळें ही विद्या त्यांना घरींच लाभली. अशीं शिकलेलीं माणसें पोटासाठीं मुंबईची वाट धरीत. कोणी आगबोटीनें येत, तर कोणी आगगाडीनें पुण्यास येऊन लोणावळ्याचा घाट उतरत. १९३१ सालीं बोलपट सुरू झाला, आणि कागदावरील स्वर पाहतांक्षणीं वाजविणाऱ्या या वादकांची गरज वाढत गेली. १९४३ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, गोन्साल्विस नौशाद यांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिनवादक म्हणून दाखल झाले.

संगीतदिग्दर्शक पेटीवर चाल बसवी व गाऊन दाखवी. पुढें ती चाल स्वरलिपींत उतरवून व्हायोलिन, चेलो, ट्रंपेट आदि प्रत्येक वाद्यास स्वतंत्र पान लिहून द्यावें लागे. त्या काळीं गायक व वादक एकत्र बसून सबंध गाणें एका दमांत ध्वनिमुद्रित करीत. एकाचा स्वर चुकला कीं सर्वांस पुन्हां आरंभ करावा लागे. तेव्हां लेखणीचा अचूकपणा हीच कामाची शाश्वति होती. गोन्साल्विस यांनीं ही लेखणी लौकरच हस्तगत केली, आणि वांद्रें येथील आपल्या घरीं ते इतरांना शिकवूंही लागले. प्यारेलाल शर्मा व राहुलदेव बर्मन हे त्यांचेच विद्यार्थी.

तथापि त्यांच्या मनांतील हेतु याहून मोठा होता. हिंदी रागांचें त्यांना विलक्षण आकर्षण वाटे, आणि ते मोठ्या वाद्यवृंदांत मांडावे अशी त्यांची आकांक्षा होती. हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. पाश्चात्य संगीताचा पाया सा, ग, प अशा एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर उभा असतो. परंतु सारंगांत गंधार आणि धैवत वर्ज्य आहेत. रचनाकारानें नेहमींचा मेळ घातला कीं राग बिघडला, आणि मेळ सोडला तर वाद्यवृंदास अर्थ उरत नाहीं. या दोहोंमधून वाट काढणें हेंच गोन्साल्विस यांनीं आपलें कार्य मानिलें. सारंग रागावर त्यांनीं कॉन्चेर्टो रचला. १९५८ सालीं त्यांनीं इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन करून मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणांत जलसे केले. लता मंगेशकर व मन्ना डे हे त्यांत गायले.

१९६५ सालीं ते अमेरिकेंतील सिराक्यूज विद्यापीठांत गेले. पुढें परत आल्यावर त्यांनीं चित्रपटसृष्टीकडे न वळतां माजोर्डा येथें शांतपणें वास्तव्य केलें. १९७७ सालीं ‘अमर अकबर अँथनी’ हा चित्रपट आला. त्याचे संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल होते, आणि नायकाच्या एका विनोदी गीतांत प्यारेलाल यांनीं आपल्या गुरूचें नांव गोंविलें. तें नांव देशभर झालें. परंतु या नांवाचा खरा माणूस आहे, हें फार थोड्यांना ठाऊक होतें. १८ जानेवारी २०१२ रोजीं गोन्साल्विस निवर्तले.

हा अनुभव केवळ मुंबईचाच नव्हे. जमैका बेटांत १९६० नंतरच्या दशकाअखेर ‘रेगे’ नांवाचें संगीत उदयास आलें. त्यांत बेस गिटारचा खर्ज हाच गाण्याचा कणा असतो. बॉब मार्ले यांच्या वाद्यवृंदाचे बेसवादक व नायक ॲस्टन बॅरेट यांनीं अनेक गाणीं अशीं खालून उभारलीं. थकलेल्या मोबदल्यासाठीं त्यांनीं लंडनच्या उच्च न्यायालयांत दावा लावला. पण १९९४ सालीं झालेल्या तडजोडीमुळें २००६ सालीं तो फेटाळला गेला. २०२४ सालीं बॅरेट वारले. दाव्यांत मागितलेला पैसा त्यांना मिळाला नाहीं, तरी त्यांचें नांव रेगे ऐकणाऱ्यांच्या तोंडीं राहिलें. मुंबईच्या वादकास त्या दिवसाची बिदागी मिळे. मात्र गाणें कितीही गाजलें तरी त्यांत वांटा नसे, आणि श्रेयनामावलींतही बहुधा नांव नसे.

याचा परिणाम इतिहासावर झाला आहे. कामापुरतीं लिहिलेलीं स्वरलिपीचीं पानें ध्वनिमुद्रण आटोपल्यावर जपून ठेवण्याची चाल नव्हती. त्यामुळें अनेकांनीं मिळून घडविलेलें गाणें एकाच्याच नांवावर चढलें, आणि इतरांचा भाग किती हें दाखविणारा पुरावा उरला नाहीं. जुन्या वादकांच्या आठवणी व घरोघरीं पडून असलेलीं पानें जों गोळा होतील, तोंच हा इतिहास थोडाबहुत दुरुस्त करतां येईल. चित्रपटसंगीतावर प्रेम करणाऱ्या घरांनीं इतकें ऋण तरी मानावयास हरकत नाहीं.